ओमामार्गे कोर्दोबा

लेटरकेनीहून डब्लिनला जायचे दोन रस्ते. ओमावरून जाणारा जवळचा, पण त्यातला मोठा तुकडा उत्तर आयर्लंडमधून, म्हणजे ब्रिटनच्या हद्दीत. स्लायगोवरून जाणारा लांबचा, पण सगळा आयर्लंडमधून. माझ्याकडे ब्रिटनचा व्हिसा नव्हता आणि आयरिश नागरिकत्वाचा अर्ज नुकताच टाकला होता. म्हणून मुकाट्यानं स्लायगोचा रस्ता धरला, तर खिंडीत दुधाचा टँकर आडवा! दुपारपर्यंत रस्ता बंद, असं तिथला गार्ड, म्हणजे आयरिश पोलीस, म्हणाला.

विमानही दुपारचंच होतं.

शेजारी माझे सासरे, चंद्रहासआप्पा, मांडीवर पुरणपोळ्यांचा डबा धरून बसले होते. सांगलीच्या तंत्रनिकेतनात त्यांनी आयुष्यभर वास्तुरेखन शिकवलं. स्पेनमधल्या कोर्दोबाच्या जुन्या मशिदीतल्या लाल-पांढऱ्या, एकावर एक चढवलेल्या कमानी ते दरवर्षी फळ्यावर काढायचे. प्रत्यक्ष कधीच पाहिल्या नव्हत्या. आता त्यांच्या नजरेचा मधलाच भाग पुसत चालला होता. बघायचं ते यंदाच बघून घ्या, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. माझा नवरा संकेत कामासाठी पुढे गेला होता आणि कोर्दोबात वाट बघत होता.

"संकेत म्हणतो, तिथं तळलेल्या वांग्यांवर मध घालतात," आप्पा म्हणाले. "भरल्या वांग्याला कळलं तर जीव देईल."

मला हसू आलं नाही. मी गाडी वळवली आणि ओमाचा रस्ता धरला.

सीमेवर ना फाटक, ना पाटी. फक्त फोनमधली रस्ता सांगणारी बाई किलोमीटर सोडून एकदम मैलांत बोलायला लागली. आप्पांचे कान मात्र शाबूत होते.

"मैल? आपण ब्रिटनमध्ये शिरलो की काय?"

"हो."

"माझ्या व्हिसावर दोन्हीकडची परवानगी आहे. तुझं काय?"

मी वेग वाढवला.

"पूर्णिमा, गाडी वळव. पकडलं तर तुझ्या अर्जाचं काय होईल?"

"वळवली तर विमान गेलं! तुम्ही गप्प बसा हो, आप्पा!"

सासऱ्यांना असं मी कधी बोलले नव्हते. ओमा येऊन गेलं. मागून येणारी प्रत्येक पांढरी गाडी मला पोलिसांचीच वाटत होती. मोनाहनच्या अलीकडे पुन्हा किलोमीटर सुरू झाले, म्हणजे आयर्लंड आलं. पुढच्याच वळणावर गार्डांची गाडी उभी होती. एकानं हात केला.

तो वाकून आत डोकावला. "कुठून येताय?"

"इथूनच, जवळच्या गावातून," मी म्हणाले. "मैत्रिणीकडे राहिलो..."

"लेटरकेनीहून, सर," आप्पा मध्येच त्यांच्या शाळामास्तरी इंग्रजीत म्हणाले. "ओमावरून आलो. दुसऱ्या रस्त्यावर टँकर उलटलाय. माझं विमान चुकू नये म्हणून ही इकडून आली."

गार्डानं माझं रहिवासाचं कार्ड मागितलं आणि वायरलेसवर नंबर वाचला. तो परत येईपर्यंत मी देवाचं नाव घ्यायचंही विसरले.

"हे वर कळवावं लागणार," तो म्हणाला. मग आप्पांकडे बघून मान हलवली. "जा. विमान गाठा."

गाडी थोडी पुढे गेली आणि मी भडकले. "तुम्हाला मध्ये बोलायला कोणी सांगितलं होतं? हरिश्चंद्राचे अवतार!"

"तुझा आवाज कापत होता, पोरी. त्याला कळलंच असतं. चूक एक वेळ माफ करतील. खोट्याला माफी नसते."

हे पटत होतं, म्हणून तर जास्त राग येत होता. विमानतळावर गाडी लावली तेव्हा वेळ जेमतेम उरला होता. आप्पा हळूच म्हणाले, "तो गार्ड तरुण होता का गं?"

"तुमच्या नाकासमोर तर वाकला होता!"

"टोपी दिसली. चेहरे नाही दिसत आता. दिवाळीपासून तुझाही नाही दिसलेला."

माझा राग कुठल्या कुठे गेला. रडू आवरेना. गेले कित्येक महिने ते माझ्या आवाजाकडे तोंड करून हसत होते आणि मला वाटत होतं, मला बघून हसतायत.

"मग कमानी कशा दिसतील, आप्पा?"

"तिरकं बघितलं की रंग दिसतात. लाल, पांढरा, लाल, पांढरा. एवढं पुरे. बाकी कमानी मला पाठ आहेत." त्यांनी डबा काखेत मारला आणि माझा हात चाचपडून धरला. "चल, पळ. आधी कमानी. वांगी काय, आंधळ्यालाही गोडच लागतील."

अर्जाचं व्हायचं ते होवो, असं म्हणत मी त्यांना घेऊन धावले.