दोनदा घाईने, एकदा सावकाश

मी एक जुनी सायकलची घंटी आहे; सायकल मात्र आता उरलेली नाही. मी एका घराच्या दाराच्या चौकटीवर राहते. मित्रांनो, हसू आलं तर खुशाल हसा. या घरी येणारे पाहुणेही पहिल्यांदा हसतातच.

एका गोंगाटाच्या कारखान्यात माझा जन्म झाला. पत्र्याची चकचकीत वाटी, आत दोन दातेरी चाकं, एक स्प्रिंग आणि बाहेर डोकावणारा खटका, एवढाच माझा संसार. एका तरुण पोस्टमनने दुकानातल्या सात-आठ घंट्या वाजवून पाहिल्या आणि मला निवडलं. तेव्हापासून माझा तोरा काही विचारू नका. तीस वर्षं आम्ही गल्लोगल्ली पत्रं वाटली. मी वाजले की खिडक्या उघडायच्या. ‘पोस्टमन आला’ असं लोक म्हणायचे आणि त्यातला अर्धा मान मी गुपचूप स्वतःकडे ठेवून घ्यायचे. पोस्टमनच्या अंगठ्याने दाबून दाबून माझ्या खटक्यावर एक खोलगट जागा पडली.

पुढे पोस्टमन निवृत्त झाले आणि गंजलेली सायकल भंगारात गेली. मला मात्र त्यांनी सोडवून घेतलं, तेल दिलं आणि दोन स्क्रूंनी चौकटीवर बसवलं, तेही नातीचा हात पोहोचेल इतक्या खाली. चांगली विजेची बेल काढली म्हणून सून थोडी कुरकुरली. आजोबांनी कानाडोळा केला. रोज संध्याकाळी फिरून आले की ते मला दोनदा घाईने वाजवायचे, जरा थांबायचे आणि मग एकदा सावकाश. ती खूण ऐकली की पाच वर्षांची नात हातातलं सगळं टाकून धावत यायची. त्या दोघांच्या मधे मी होते, याचा मला फार आनंद वाटायचा.

एके दिवशी दुपारी आजोबांच्या छातीत दुखू लागलं. त्यांना दवाखान्यात नेलं आणि तिसऱ्या दिवशी ते मरण पावले. नात तेव्हा शेजारच्या काकूंकडे होती. घरी आल्यावर तिने आजोबा कुठे आहेत म्हणून विचारलं. तिचे बाबा म्हणाले, की आजोबा बाहेरगावी गेलेत, येतील. बाकीच्या मोठ्या माणसांनीही माना डोलावल्या.

आता ती डोळ्यांत तेल घालून वाट पाहू लागली. दूधवाल्याने मला वाजवलं की ती धावत यायची. पाहुण्यांनी वाजवलं तरी धावत यायची. दार उघडायची आणि हिरमुसून आत जायची. मला स्वतःच्या आवाजाची लाज वाटू लागली. बाबांना ते बघवेना. एका सकाळी त्यांनी माझी वाटी उघडली, आत कापूस कोंबला आणि वाटी पुन्हा घट्ट बसवली.

मित्रांनो, मुकेपण फार वाईट. लोक दारावर टकटक करायचे आणि मी नुसती बघत राहायचे. कोळ्याने माझ्यावर जाळं विणलं. आजोबांचा अंगठा नाही, नातीची धावपळ नाही. इतकी एकटी मी भंगारातही पडले नसते.

मग एकदा नातीने मला दाबून पाहिलं. नुसतं ‘खट्’ झालं. तिने पुन्हा पुन्हा दाबलं. त्यानंतर ती शाळेतून आली की दार सताड उघडं ठेवून तिथेच स्टुलावर बसू लागली. जेवायला बोलावलं तरी उठेना. एका संध्याकाळी बाबांनी विचारलं, तेव्हा ती म्हणाली, “घंटी वाजत नाहीये. आजोबा आले आणि परत गेले तर?”

बाबा मटकन तिच्या शेजारी जमिनीवर बसले.

“आजोबा बाहेरगावी नाहीत, बाळा. मी खोटं बोललो,” ते म्हणाले. “त्यांचं हृदय बंद पडलं. डॉक्टरांनी खूप प्रयत्न केले, पण ते मेले. मेलेलं माणूस परत येत नाही.”

तिने विचारलं, “त्यांना तिकडे भूक लागली तर?”

“मेल्यावर भूक लागत नाही. दुखत नाही. थंडीही वाजत नाही.”

“मी त्यांच्यावर रुसले होते, म्हणून मेले?”

“नाही गं. रुसल्याने कुणी मरत नाही.”

“तुम्ही पण मराल?”

“एक दिवस. पण बहुतेक तू खूप मोठी झाल्यावर.”

ती बराच वेळ रस्त्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, “मग दार लावू?”

बाबांनी होकारार्थी मान हलवली. तिने स्टूल आत ओढलं आणि स्वतःच्या हाताने दार लावलं. त्यानंतर दोघंही खूप रडले. मी बाहेर होते, तरी मला सगळं ऐकू येत होतं.

दुसऱ्या दिवशी बाबांनी कापूस काढला. नात शाळेतून आली आणि तिने मला दाबलं. दोनदा घाईने, मग जरा थांबून एकदा सावकाश. आत कसलंतरी भांडं पडल्याचा आवाज झाला आणि बाबा धावत दार उघडायला आले.

मित्रांनो, तुमच्या घरात कुणी दिसेनासं झालं, तर खरं काय ते विचारा. मोठी माणसं घाबरली तर पुन्हा विचारा. आणि माझ्यासारख्या जुन्या वस्तूला अधूनमधून दोन थेंब तेल द्या. माझ्या खटक्यावरची खोलगट जागा अजून तशीच आहे. नातीचा अंगठा ती अर्धीच भरतो. ती पूर्ण भरेपर्यंत मला वाजत राहायचं आहे.