हिल्डिंगच्या सॉनाची सरकारी तपासणी

लिलशेन तळ्याच्या काठावर हिल्डिंगने सॉना, म्हणजे वाफेच्या आंघोळीची लाकडी खोली, बांधला तो गुन्व्होरसाठी, आपल्या बायकोसाठी. खुब्याचं ऑपरेशन झाल्यापासून तिला दगडांवरून पाण्यात उतरता येईना, आणि पोहायला मिळालं नाही की ही बाई उन्हाळाभर सगळ्यांवर खेकसत असते, हे मी शेजारीण म्हणून छातीठोकपणे सांगते. म्हणून हिल्डिंगने वडिलांची होडी ठेवायची मोडकी खोपटी पाडली, त्याच जागी लहानसा सॉना उभा केला आणि दारातून थेट पाण्यात जाणाऱ्या पायऱ्या केल्या, चांगला जाड कठडा लावून. नगरपालिकेची परवानगी मिळाली होती. निर्णय पक्का होईपर्यंत थांबायला हवं होतं, पण आमचा उन्हाळा तो केवढासा! हिल्डिंगला दम निघाला नाही.

पालिका आपली, आपण निवडून दिलेली. जिल्हा कार्यालय मात्र सरकारचं. देशाचे कायदे जिल्ह्यात पाळले जातायत ना, हे बघायला बसलेलं. तळ्याचा काठ सगळ्यांचा, हा त्यातलाच एक कायदा. पालिकेने काठावर कुणाला बांधू दिलं, की कार्यालय ते प्रकरण पुन्हा तपासतं. हिल्डिंगला त्यांनी कळवलं की जागा पाहायला येतोय. सॉना बघून अनोळखी माणूस काठावर यायला बिचकत असेल, तर परवानगी रद्द आणि सॉना पाडायचा.

हिल्डिंगने हातपाय गाळले. मी नाही.

माझ्या स्वयंपाकघरात शेजारपाजारच्या सगळ्यांना जमवलं, वेलदोड्याचे बन ताजे भाजले, कॉफी ओतली आणि म्हटलं, "ती कार्यालयाची बाई येईल तेव्हा काठावर माणसं दिसली पाहिजेत. ये-जा हवी. कोणी बिचकत नाही, हे तिला डोळ्यांनी दिसू दे."

"म्हणजे नाटक करायचं?" रूने म्हणाला. हा आमचा निवृत्त पोस्टमन.

"नाटक कसलं? तू एरवी मासे धरत नाहीस का?"

"धरतो. पण तिथे नाही. तिथे हिल्डिंग असतो."

"मग?"

"मग काय, त्याला त्रास नको."

"पस्तीस वर्षं त्याला पत्रं पोचवलीस, तेव्हा नाही झाला त्रास?"

"टपालाची पेटी फाटकापाशी होती, सिव्ह," रूने शांतपणे म्हणाला आणि दुसरा बन उचलला.

बेरिट म्हणाली ती पोहायला येईल. लुंडकविस्ट पतिपत्नी कुत्रा फिरवायला. बाकीचे ब्लूबेरी वेचायला. कोणी कधी यायचं ते मी ठरवून दिलं नाही. सहज वाटलं पाहिजे ना! इथेच माझं चुकलं.

कार्यालयाची बाई आली ती अगदी पोरसवदा, एब्बा नावाची, पायात रबरी बूट. हिल्डिंग सॉनाच्या पायरीवर उभा, इस्त्रीचा शर्ट घालून, दातखिळी बसल्यासारखा. गुन्व्होर आत, टॉवेलचा झगा घालून. मी आपली बर्चच्या झाडामागे, नुसतीच.

पहिली बेरिट आली. टॉवेल काठावरच्या बाकावर ठेवला, पाण्यात उतरली. छान! मग रूने गळ घेऊन वाटेवर आला, पाण्यात बेरिट पोहतेय हे पाहिलं, थबकला, आभाळाकडे बघितलं, जणू काही घरी विसरलंय अशी मान हलवली आणि मागे फिरला. लुंडकविस्ट आले. बाकावर टॉवेल पाहिला. नवऱ्याने बायकोकडे पाहिलं, बायकोने कुत्र्याकडे, आणि तिघांनीही काढता पाय घेतला. बेरी वेचणारे आले, सॉनाजवळ माणसं उभी दिसली म्हणून भलामोठा वळसा घालून रानात शिरले. शेवटी बेरिटलाही वाटलं आपण सरकारी कामात लुडबूड करतोय, तीही पाण्यातून निघाली आणि ओल्या केसांनी पसार झाली.

मी झाडामागे डोक्याला हात लावला. आमची माणसं! बसमध्ये एकाने बाक धरला की दुसरा उभ्याने जाईल, पण शेजारी बसणार नाही. हे मला ठाऊक नव्हतं का? जन्म गेला माझा यांच्यात. मीसुद्धा हेच केलं असतं.

"लोक इथवर येतात," एब्बा म्हणाली, "आणि परत फिरतात. नेहमीच असं होतं?"

हिल्डिंग कठड्यावरची धूळ पुसू लागला.

"मी हेच बघायला आले होते," ती म्हणाली. तिच्या आवाजात कुरघोडी नव्हती, उलट वाईटच वाटत होतं तिला. गुन्व्होरच्या पायऱ्या माझ्या डोळ्यांसमोर उखडल्या गेल्या.

तेवढ्यात गुन्व्होर दारात आली, कठडा धरून. "अगं पोरी, ते आम्हाला नाही बिचकत. एकमेकांना बिचकतात!"

"असेल. पण वाटेवरच्या अनोळखी माणसाला ते कसं कळणार? त्याला फक्त बंद दार दिसतं, आणि दारात असा उभा असलेला माणूस." तिने हिल्डिंगकडे बघितलं. "त्याला यावंसं वाटेल असं काय आहे इथे?"

खरं होतं ते. हिल्डिंग माझा शेजारी, भला माणूस, पण पहारेकऱ्यासारखा उभा होता.

"बोलव की त्यांना," गुन्व्होर नवऱ्याला म्हणाली.

"कोणाला?"

"सगळ्यांना."

"ओरडून?"

"नाहीतर काय, पत्र पाठवणार आहेस?"

हिल्डिंग कानापर्यंत लाल झाला. या माणसाने आयुष्यात कोणाला लांबून हाक मारलेली मी ऐकली नव्हती. त्याने घसा खाकरला. मग तळ्याकडे तोंड करून, कारण माणसांकडे बघून त्याला जमलंच नसतं, त्याने साद घातली, "या! अरे या ना! एकदा आत उतरलं की पाणी बरं वाटतं!"

आवाज फाटला, पण तळ्यापलीकडे पोचला.

आणि रान हललं. रूने कुठे घरी गेला होता? तो जुनिपरच्या काटेरी झुडपामागे होता. लुंडकविस्ट लाकडांच्या ढिगामागे. बेरीवाले खडकाआड. सगळे जेमतेम नजरेआड जाऊन थांबले होते, जागा मोकळी व्हायची वाट बघत. एकेक जण बाहेर आला, दुसऱ्याला पाहून ओशाळला, आणि मीही झाडामागून निघाले. एब्बाने आमच्याकडे बघितलं आणि तिला असं हसू फुटलं की ती पायरीवर खाली बसली.

"तुम्ही सगळे तिथे होता?"

"त्रास नको म्हणून," रूने म्हणाला.

मग गुन्व्होर कठडा धरून पाण्यात उतरली, बेरिट पुन्हा उतरली, रूनेने गळ टाकला आणि एब्बाने बूट काढून पाय पाण्यात सोडले. गुन्व्होर पाठीवर तरंगत होती, डोळे मिटून. मला रडू आलं, आणि मी ते लपवलं नाही.

निर्णय महिनाभरात आला. जुन्या खोपटीच्याच जागेवर बांधलंय म्हणून सॉना राहील. अट एकच: सॉना आणि पाणी यांच्यामधली वाट सदैव मोकळी हवी, आणि येणाऱ्याला इथे यायची मुभा आहे हे स्पष्ट कळलं पाहिजे. याचा अर्थ पाटी लावा, असा होता. कोणालाही कळेल.

हिल्डिंगने पाटी लावली नाही. पहिल्याच शनिवारी रूने गळ घेऊन वाटेवर आला, सॉनातून धूर निघताना पाहून थबकला आणि आभाळाकडे बघू लागला. हिल्डिंग दारात आला.

"रूने, ये आत."

"नको, तुम्ही दोघं आहात."

"यायलाच लागेल. जिल्हा कार्यालयाची अट आहे."

रूनेने क्षणभर विचार केला.

"असं होय," म्हणाला तो, आणि त्याचा चेहरा इतका उजळला की मला कुंपणापलीकडूनही दिसलं. "अट असेल तर काय इलाज आहे!" आणि बूट काढून तो आत गेला.

मी टॉवेल आणायला धावले. अट मलाही लागू होती.