परीक्षा केंद्राची वेळ राखणारा राउटर

मित्रांनो, छत्रपती संभाजीनगरात जालना रोडवर एक परीक्षा केंद्र आहे. तिथल्या पहिल्या दालनातला मी जुना राउटर. संगणकांना एकमेकांशी जोडणं आणि सगळ्यांना एकच वेळ सांगणं, हे माझं काम. इथं मुलं संगणकावर परीक्षा देतात. वेळ संपली की पेपर आपोआप बंद होतो.

नवा होतो तेव्हा मला काचेच्या कपाटात ठेवलं होतं. पुढे नवी यंत्रं आली आणि माझ्यावर धूळ साचली. केंद्रप्रमुख श्रीधर सर मला भंगारात काढायला निघाले होते. पण नेटवर्कचं काम पाहणाऱ्या मृण्मयीताई म्हणाल्या, "सर, दणकट आहे हा. याला फक्त वेळेची किल्ली देऊ या."

किल्ली म्हणजे एक गुप्त शब्द. तो मला ठाऊक आणि वेळ सांगणाऱ्या मुख्य यंत्राला. वेळेच्या निरोपावर त्या शब्दापासून बनलेली मोहोर असेल, तरच तो खरा मानायचा. ताईंनी दोन्हीकडे किल्ली लिहिली आणि मला मोहोर तपासायला सांगितलं. तरीही मी मुख्य यंत्राची वेळ घेईना.

"बिघडलाच आहे हा," सर म्हणाले.

"नाही सर. किल्ली लिहिताना माझंच एक अक्षर चुकलंय. तो अडवतोय ते बरोबर आहे."

अक्षर सुधारलं आणि मोहोर जुळली. त्या दिवशी ताईंनी स्वतःच्या ओढणीनं माझी धूळ पुसली.

शेजारच्या दालनातल्या राउटरला किल्ली द्यायची राहिली होती. तेवढ्यात नोकरभरतीची तासाभराची परीक्षा आली. परीक्षा सुरू झाली आणि कुणीतरी कॅमेऱ्यांचं नवं यंत्र आमच्या नेटवर्कला जोडलं. त्याचं घड्याळ दीड तास पुढे होतं आणि तीच वेळ ते सगळ्यांना सांगत सुटलं. निरोप माझ्याकडेही आला. त्यावर मोहोर नव्हती. मी तो दारातच अडवला. शेजाऱ्यानं मात्र विश्वास ठेवला, आणि तिथले सगळे पेपर बंद झाले.

फुलंब्रीहून आलेली प्रेरणा जागेवरून उठली. "मॅडम, आत्ताच तर बसले मी. पेपर संपला म्हणतंय हे. दोन वर्षांपासून तयारी करायले मी."

"बस गं. तुझा वेळ कुठं जात नाही," ताई म्हणाल्या. त्यांनी ते नवं यंत्र काढून टाकलं आणि त्या दालनातले संगणक माझ्याशी जोडले. मी खरी वेळ सांगितली. पेपर पुन्हा उघडले. मधे वाया गेलेला वेळ सरांनी वाढवून दिला.

संध्याकाळी सर माझ्यापाशी येऊन थांबले. "याला मी भंगारात देणार होतो," एवढंच ते म्हणाले.

पुढे निकालात प्रेरणाचं नाव आलं. अभ्यास तिचा होता; तिचा वेळ मी राखला, याचा मला अभिमान आहे.

मित्रांनो, जुन्या यंत्रांवरची धूळ पुसत जा. आमच्या किल्ल्या जपा, अधूनमधून बदला. बाकी दारावरचा पहारा आमच्यावर सोडा.