पेटीतली कुजबुज

मित्रांनो, माझं झाकण लागलं की माझ्या पोटात कुजबुज सुरू होते. मी मासे ठेवायची जुनी, निळी बर्फपेटी आहे. चौक गावच्या नाक्यावर वनिता मला घेऊन मासे विकायला बसायची. नवी होते तेव्हा आतून गुळगुळीत होते. मग बर्फ फोडताना तिच्या सुरीचे ओरखडे पडत गेले आणि त्यांत ते राहायला आले.

ते म्हणजे डोळ्यांना न दिसणारे, थंडीला न भिणारे जिवाणू. थोडे असतात तोवर माशाला फारसं काही करत नाहीत. प्रत्येक जण अंगातून एक रसायन सोडतो, तीच त्याची हाक. हाका दाट झाल्या की त्यांना कळतं, आपण पुरेसे झालो. मग सगळे मिळून मासा नासवायला लागतात.

गुरुवारी आमच्याकडे मासे कोण खातंय? बुधवारची उरलेली मोरी, म्हणजे छोट्या शार्कचे तुकडे, दिवसभर माझ्यात पडून होती. मी हाका ऐकत होते. शुक्रवारी वनितानं त्याच बर्फावर ताजी मोरी ओतली.

तेवढ्यात मोतीबाई आली. तिची सून हर्षला बाळंतीण. दूध यावं म्हणून तिला मोरीचा रस्सा द्यायचा होता.

"वास मारतो गं वनिते!"

"मोरीला वास असतोच, काकू. तुमी काय आज पयल्यांदा नेताय?"

"बरं, खालचं मोठं तुकडं काढ. वरची नुसती दाखवायला ठेवलीस व्हय गं?"

दोघी हसल्या. वनितानं तळातली मोरी दिली.

रस्सा खाऊन हर्षला ओकून ओकून गळाली. सलाईन लावलं, तेव्हा वाचली. पण दूध आटलं.

"पोर नुसतं चोखतंय नि रडतंय गं," नाक्यावर येऊन मोतीबाई एवढंच बोलली.

वनितानं त्याच दिवशी मला गॅरेजमागं फेकलं. हर्षलाचं दूध हळूहळू परत आलं म्हणतात. मला मात्र ते कधी न ऐकलेलं रडणं अजून ऐकू येतं.

आज गॅरेजवाल्या गजानं मला उचललं. बायकोला म्हणाला, "बघ गं, चांगली हाय की! साबणानं घासली की झालं. पोरीच्या हळदीला मच्छी हिच्यातच ठेवू."

आता ती मला घासते आहे. फेस ओरखड्यांवरून नुसता घसरून जातो. खाली खोल कुणीतरी एकटंच विचारतं आहे, 'आहे का रं कुणी?'

मित्रांनो, जुन्या वस्तू जपाव्यात असं तुम्हाला शिकवलं असेल. मला जपू नका. मला फोडा.