‘मिठाचा किल्ला’चं परीक्षण

“पाच?” लूमाने पडद्यावरून नजर न काढता विचारलं. “वज्दी, ‘मिठाचा किल्ला’ला दहापैकी पाच? गेम कंपनीचे लोक उद्या अम्मानमध्ये येतायत आणि तुम्ही पाच देऊन मोकळे झालात?”

“चा… चार देणार होतो,” वज्दी म्हणाला.

लूमा थांबली. त्याचं अडलेलं वाक्य पुरं होईपर्यंत थांबायची तिला सवय होती. बारा वर्षांपूर्वी ती या वेबसाइटवर शिकाऊ म्हणून आली, तेव्हा व्हिडिओ गेमचं परीक्षण कसं लिहायचं हे त्यानेच तिला शिकवलं होतं. आता ती संपादक होती.

“ति-तिसऱ्या दरवाजानंतर गेम बंद पडतो. पुन्हा सुरू केला की आधीचं सगळं पुसलेलं. माझं तीनदा पुसलं गेलं, लूमा.”

“दुरुस्ती येणार आहे म्हणतात.”

“कधी?”

“मला काय माहीत! सहा महिने आपल्या वेबसाइटवर त्यांचीच जाहिरात आहे. परीक्षणही त्याच करारात आहे. सही कोणी केली ते विचारू नका. मीच केली.”

“मग वर ‘जा-जाहिरात’ असं लिही.”

“तसं लिहिलं तर वाचणार कोण? लोक तुमचं नाव बघून वाचतात.” तिचा आवाज उतरला. “दुसरी जागा असती ना, तर मीच म्हटलं असतं, जा.”

दुसरी जागा नव्हती. गेमवर अरबीत लिहून घेणारी शहरातली बाकीची मासिकं आणि वेबसाइट केव्हाच बंद पडल्या होत्या. आता सगळे कॅमेऱ्यासमोर बसून घडाघडा बोलत. वज्दीला स्वतःचं नाव सांगतानाही धाप लागायची. लहानपणापासून जे जिभेवर अडलं ते कागदावर सरळ उतरलं, आणि त्यावरच त्याने वीस वर्षं घर चालवलं होतं.

पाचाचे आठ करायला एक बोट पुरलं. सगळं पुसलं जातं हे सांगणारा परिच्छेद काढायला मात्र त्याला दुपार लागली.

दोन दिवसांनी एका मॉलमध्ये गेमची विक्री सुरू झाली. कंपनीने त्याला डब्यांवर सह्या करायला टेबलामागे बसवलं होतं. डोक्यावर मोठा फलक: ‘चुकवू नये असा अनुभव! – वज्दी कसूस’. हे वाक्य त्याने कधीच लिहिलं नव्हतं. शेजारी कंपनीचा हाझेम अत्तराचा घमघमाट सोडत उभा होता.

रांगेतून एक पन्नाशीची बाई पुढे आली. हातात गेमची डबी.

“उस्ताद वज्दी! मी उम्म नायेफ, नायेफची आई. झरकाहून आलेय. तुम्ही मला ओळखत नाही, पण आमच्या घरात तुमचं नाव रोज निघतं. आमच्या ह्यांना अर्धांगाचा झटका येऊन दोन वर्षं झाली. उजवा हात गेला, डाव्याने खेळतात. दुसरा दोन दिवसांत जिथे पोचतो तिथे पोचायला ह्यांना महिना लागतो. पण पोचतात हो! मी तुमचं वाचून दाखवते, मग आम्ही ठरवतो. हा घेऊ ना?”

“घ्या की! आठ दिलेत त्यांनी,” हाझेम म्हणाला.

“तुला नाही विचारलं रे बाळा. उस्तादांना विचारतेय.”

वज्दीने तोंड उघडलं. पहिलंच अक्षर घशात रुतलं. मान ताणली गेली, कपाळावर घाम आला. बाई शांतपणे थांबून राहिली. हाझेमने हसत पेन पुढे केलं, “सही करा उस्ताद, रांग लांब आहे.”

वज्दीने बाईच्या हातातली डबी घेतली. सही केली नाही. वळून ती मागच्या ढिगावर परत ठेवली.

उम्म नायेफने फलकाकडे पाहिलं, मग त्याच्याकडे.

“मग तसं का लिहिलंत?” तिने हळूच विचारलं.

वज्दीने मान खाली घातली.

“देव तुम्हाला बळ देवो,” कामावरच्या कुणालाही म्हणावं तसं ती म्हणाली आणि सरकत्या जिन्याकडे निघून गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी लूमा ओरडली नाही. तिने मरमियाची सुगंधी पानं घातलेला चहा स्वतः आणून त्याच्यापुढे ठेवला.

“हाझेमने तक्रार केलीय. तुम्हाला आता कुठल्याच कार्यक्रमाला बोलावणार नाहीत. लिखाण मात्र तुमचंच हवंय त्यांना.”

“मा-माझं नाव काढ, लूमा.”

“नावच तर विकलंय मी,” ती म्हणाली, आणि डोळे पुसत आपल्या खोलीत गेली.

पुढचा गेम अजून कार्यालयात पोचलाही नव्हता. वज्दीने परीक्षणाचं पान उघडलं. वर नऊचा आकडा भरलेला होता आणि खाली त्याचं नाव. मधली जागा तेवढी त्याच्यासाठी रिकामी ठेवली होती.