धन्याचा वाफा

पंचफुलानं तर्जनी दुसऱ्या पेरापर्यंत मातीत खुपसली, हलकेच वाकवली आणि वर ओढली. नखात काळी माती आली, बी काही आलं नाही. चार बोटं पुढं सरकून तिनं पुन्हा बोट घातलं. तिथंही तेच. शेजारच्या वाफ्यात मेथी दाटीवाटीनं उभी होती, आणि हा धन्याचा वाफा मात्र नुकत्याच सारवलेल्या अंगणासारखा गुळगुळीत पडला होता. पलीकडं गाजराचा, तोही तसाच.

"काय शोधायलीस?"

ती दचकून उठली. मागं मुख्याध्यापक माणिकराव गुरुजी उभे होते. शनिवारची शाळा सुटायला अर्धा तास होता आणि वर्गांतून पाढ्यांचा गलका येत होता.

"धने बघायलेय, गुरुजी."

"सापडले?"

"न्हाई."

गुरुजींनी हात पाठीमागं बांधले. बोरीच्या या शाळेत ते सहा वर्षं होते. घरची पन्नास एकर कोरडवाहू, पण नांगराला हात लावायची वेळ त्यांच्यावर कधी आली नव्हती. दुष्काळ सरल्यावर पंचायत समितीनं शाळांना भाजीपाल्याचं बी वाटलं, तेव्हा ही बाग त्यांनी मोठ्या हौसेनं धरली होती. पाणी घालायला आणि निगा राखायला पंचफुला ठेवली होती.

"तेरा दिवस झाले," ते म्हणाले. "माती एकच, पाणी एकच, हातबी एकच. मेथी उगवती अन् धने उगवत न्हाईत. मेथीचं बी घरी नेऊन कुणी काय करणार? धने मात्र कालवणात पडतात."

ओसरीवर हजेरीपट घेऊन बसलेले दत्तराव मास्तर नाकातल्या नाकात हसले. पंचफुलानं हाताची माती लुगड्याला पुसली. तोंडाशी आलेलं तिनं गिळलं. बोलायला गेलं की आवाज चढणार, आणि आवाज चढला की आधी तिच्या वस्तीचं नाव निघणार, मग तिचं. हे तिला कुणी शिकवावं लागलं नव्हतं.

"गुरुवारी पंचायत समितीच्या बाई बाग बघायला येणारेत," गुरुजी म्हणाले. "तोवर काही दिसलं न्हाई तर मला दुसरी बाई बघावी लागंल."

ते ऑफिसात निघून गेले. पंचफुलानं बादली उचलली आणि वळली, तर चौथीच्या खिडकीत कमल उभी होती, तिची लेक. गजाला धरून. तिनं सगळं ऐकलं होतं, हे तिच्या चेहऱ्यावरच दिसत होतं.

संध्याकाळी कमल चुलीपाशी येऊन बसली, पण भाकरीला हात लावीना. पंचफुलाचा नवरा लिंबाजी कालव्याच्या कामावर असायचा, पंधरा दिवसांनी एकदा यायचा. घरात या दोघीच.

"जेव की."

"माय, मीच सांगितलं गुरुजींना."

"काय सांगितलं?"

कमलनं मुसमुसत सांगितलं. धने पेरले त्या दिवशी घरी आल्यावर आईनं तिच्या तोंडावरून हात फिरवला होता, आणि त्या हाताला धन्याचा गोड वास होता. परवा वर्गात गुरुजी बियांचा धडा शिकवत होते. कोणतं बी कसं ओळखायचं, असं त्यांनी विचारलं. कमलनं सगळ्यांच्या आधी हात वर केला होता. "धने वासानं ओळखतात. आमच्या मायच्या हाताला घरीबी धन्याचा वास येत होता." तेव्हा गुरुजी तिच्याकडं नुसते बघत राहिले होते.

पंचफुलाची तव्यावरची भाकरी एका बाजूनं करपली, ती तिनं उलटली.

"तू खोटं बोललीस का?"

"न्हाई."

"मग रडायलीस काहून? खा."

पोर जेवली. पंचफुलानं आपली भाकरी तशीच झाकून ठेवली. आता तिचा स्वतःवरचाच भरवसा हलायला लागला होता. पुडी सोडली होती, दाणे ओंजळीत घेतले होते, रेघा पाडल्या होत्या. मग ते गेले कुठं? दोन ठिकाणी बोट घातलं, एकही दाणा लागू नये? मुंग्यांनी नेले म्हणावं तर एवढे सगळे? जन्म लोकांच्या रानात गेला. तिफणीमागं सरता, म्हणजे बी सोडायची नळी, धरून तिनं किती जणांची तूर पेरली असेल, आणि कुणाच्या पेरणीची एक ओळ कधी रिकामी गेली नव्हती. शाळेच्या दोन हात वाफ्यानं मात्र तिचं नाव घालवायचं मनावर घेतलं होतं.

रविवारी सकाळी ती नदीकडच्या मळ्यात गेली. सटवाजीचा मळा गावात सगळ्यांना ठाऊक होता. म्हातारा सत्तरीचा, दुष्काळातही विहिरीच्या तळाशी उरलेल्या पाण्यावर त्यानं चार वाफे जगवले होते. तो वांग्याला मातीची भर देत बसला होता. पंचफुला बांधावरच उभी राहिली.

"बाबा, एक विचारायचं होतं."

"विचार की. बस तिथं सावलीला."

तिनं सगळं सांगितलं. गुरुजी काय बोलले, तेवढं सोडून. सटवाजीनं खुरपं खाली ठेवलं.

"धने आख्खे टाकलेस का फोडून?"

"फोडून?"

"म्हंजे आख्खेच." त्यानं मान हलवली. "किती खोल?"

पंचफुलानं बोट पुढं करून मुळापासून टोकापर्यंत दाखवलं. "चिमण्या लय हायेत शाळेत. वर टाकले तर येचून खातेल म्हनून..."

"अन् पाणी? झारीनं?"

"झारी न्हाई. बादलीनं."

म्हातारा हसायला लागला. हसता हसता त्याला खोकला आला. पंचफुलाच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलेलं त्यानं पाहिलं आणि तो एकदम गप्प झाला.

"अगं पोरी, तुजं बी मेलेलं न्हाई. तूच त्याला दाबून ठेवलंस. तूर असती तर एवढ्या खोलातून वर आली असती, तिच्यात जोर असतोय. धन्यात कुठला तेवढा जोर? त्यात आख्खा धना म्हंजे एका टरफलात दोन बिया. ते टरफल लवकर भिजत न्हाई. इटकरीनं हलकं रगडून दोन फाकी करायच्या अन् मग पेरायचं. ते राहिलं. वरून बादलीनं पाणी वतलंस, काळी माती बसली चोपून. अन् थंडी तर बघ कसली पडायलीय! एवढं सगळं अंगावर घेऊन ते बिचारं वर येणार कवा?"

"पर मी बोट घालून बघितलं, बाबा. दाणा लागला न्हाई."

"किती घातलंस?"

तिनं दाखवलं. दुसरं पेर.

"अन् पेरलं होतंस केवढं?"

पंचफुला आपल्या बोटाकडं पाहत राहिली. मग तिच्या छातीतून असा श्वास बाहेर पडला, की आपण कालपासून तो धरून ठेवला होता हे तिला तेव्हाच कळलं.

"उकरू नको आता," सटवाजी म्हणाला. "मोड आला असला तर मोडंल. वरची खपली काटकीनं हलकी फोड, नुसती वरची. पाणी हातानं शिंपड. राती गोणपाट झाक, सकाळी उन्हं आली की काढ. चार दिवस सबर कर. आन गाजराचं मला ठावं न्हाई. त्याचं बी लय नाजूक, जुनं झालं की काई कामाचं न्हाई. ते आलं तर आलं."

ती तिथून परस्पर शाळेत गेली. शाळा बंद होती, पण बागेला नुसतं काट्यांचं कुंपण. उकिडवं बसून तिनं दोन्ही वाफ्यांची खपली तुराटीच्या टोकानं फोडली. एवढ्या अलगद, की लेकीच्या डोक्यातला गुंताही तिनं कधी तसा सोडवला नसेल. घरचं गोणपाट आणून झाकलं. सोमवारी काही नाही. मंगळवारी काही नाही. गुरुजी येता-जाता वाफ्याकडं बघत आणि पुढं सरकत. मंगळवारी दुपारी कमल डबा घेऊन मैत्रिणींत न बसता एकटीच पायरीवर बसलेली पंचफुलानं पाहिली.

बुधवारी सकाळी गोणपाट उचललं, तेव्हा पहिल्यांदा तिला वाटलं की रात्री कुणाचं तरी कुत्रं वाफ्यात फिरून गेलं. माती रेघेरेघेनं वर उचलली होती, भाजलेल्या पापडासारखी. तिनं गुडघे टेकले आणि मातीचा एक पापुद्रा नखानं बाजूला केला. खाली पांढरी, वाकलेली मान होती, सुतासारखी बारीक. तिच्या शेजारी दुसरी. तिसरीनं तर दोन लांबट पानं उघडून त्यांवरचं टरफलही टाकायला घेतलं होतं.

"कमे!" तिनं हाक मारली. आवाज एवढा मोठा निघाला की ओसरीवरची चिमणी उडाली. "कमे, बिगी ये!"

कमल दप्तरासकट धावत आली. दोघी तशाच मातीत बसल्या. कमल बोटानं मोजायला लागली आणि चाळिसाच्या पुढं तिचं मोजणं चुकलं. पंचफुला हसत होती आणि पदरानं तोंडही पुसत होती. अंगावरून कुणी ओलं पोतं उतरवून घ्यावं, तसं तिला हलकं हलकं झालं. माझ्या हातानं पेरलं होतं. होतं तिथंच होतं.

गुरुजी आले. वाफ्याच्या कडेनं या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेले.

"आलं म्हणायचं," ते म्हणाले.

"आलं, गुरुजी."

त्यांना आणखी काही बोलायचं असावं. पण घंटा झाली आणि ते वळले.

गुरुवारी पंचायत समितीच्या बाई आल्या आणि दहा मिनिटांत सगळं बघून झालं. मेथीला छान म्हणाल्या, धन्याला उशीर झाला म्हणाल्या. गाजराच्या उघड्या वाफ्यापाशी त्यांनी विचारलं, "हे का उगवलं नाही? नीट पेरलं नाही का?"

पंचफुलानं मान खाली घातली. उत्तर गुरुजींनी दिलं, नेहमीपेक्षा जरा मोठ्यानं. दत्तराव मास्तर शेजारीच होते.

"बी जुनं निघालं, बाई. पेरणाऱ्याचा काही दोष नाही."

त्या संध्याकाळी पंचफुला सटवाजीला सांगायला मळ्यात गेली. म्हातारा खूश झाला. त्यानं तिच्या पदराच्या ओट्यात चार वांगी टाकली.

"हेडमास्तर तुमचा सुटला म्हणायचा," तो म्हणाला.

"ते कशातून सुटले?"

"तुला ठावं न्हाई? रविवारी तू सकाळी येऊन गेलीस, अन् दिवेलागणीच्या आधी ते आले. इथंच, तू बसलीस तिथं बसले. तेच विचारलं, धने काहून उगवत न्हाईत. मी म्हन्लं, आवं, तुमच्या बाईला सकाळीच समदं सांगितलंय. तिला विचारा की." सटवाजीनं हाताची माती झटकली. "तर म्हन्ले, तिला इचारायला मला तोंड राह्यलं न्हाई. मग त्यांनाबी सांगितलं समदं."

पंचफुलानं वांगी ओट्यात सारखी केली आणि निघाली. वाटेत तिला सोमवारपासूनचे गुरुजी आठवत होते: वाफ्यापाशी रेंगाळणारे, तिची नजर आली की पुढं सरकणारे. तिला वाटलं होतं, हा माणूस आपली चोरी पकडायला टपलाय. आता राग धरावा की नाही, हेच तिला ठरवता येईना. थोडा धरला. मग ओट्यातल्या वांग्यांचं ओझं सांभाळता सांभाळता तोही कुठं राहिला, तिला कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी ती शाळेत आली तर गाजराच्या वाफ्यापाशी गुरुजी धोतराचा काचा मारून उकिडवे बसले होते. समोर फरशीचा तुकडा, हातात वीट, कागदावर घरून आणलेले धने. वीट ते अशा ताकदीनं रेटत होते की निम्म्या दाण्यांचा भुगा झाला होता. तिला बघून ते थांबले. उठायचं की बसायचं, त्यांना सुचेना.

पंचफुला समोर येऊन बसली.

"एवढ्या जोरानं न्हाई, गुरुजी."

त्यांनी वीट पुढं केली. तिनं ती घेतली, मूठभर धने फरशीवर पसरले आणि नुसत्या विटेच्या वजनानं ती हलकेच फिरवली. कुर्र आवाज झाला. तिनं फुंकर मारली. दाणे नेमके दोन फाकी होऊन पडले होते.

गुरुजींनी एक फाक उचलून निरखली.

"प्रार्थना झाली की चौथीची पोरं इथं आणतो," ते म्हणाले. "कसं पेरायचं ते तुम्हीच सांगा त्यांना."

"मी? मला कुठं बोलता येतंय, गुरुजी?"

"मला येतं बोलता," ते खाली बघत म्हणाले. "काही उपयोग झाला न्हाई त्याचा."

प्रार्थनेनंतर पोरं रांगेनं आली आणि वाफ्याभोवती गोल करून बसली. पुढं कोण बसणार यावरून ढकलाढकली झाली. कमल मुकाट्यानं मागं राहत होती, तिला दोन मैत्रिणींनी ओढून मध्ये बसवलं. गुरुजी सगळ्यांच्या मागं, कुंपणाशी उभे राहिले. पंचफुलानं पदर खोचला, तळहातावर चार दाणे घेतले आणि शेवटचं पोर नीट बसेपर्यंत थांबली.