भरलेला

सकाळचा पहिला टब खोल होण्याऐवजी ताटासारखा उथळ निघाला, तेव्हा थोरल्या जावेने तो उचलून धाकटीला दाखवला. "यात चिमणीचीच अंघोळ होईल बघ."

थोरली पत्र्याचे टब दाबणारं प्रेस चालवायची. धाकटी त्याच कारखान्यात फिटर. तीन महिन्यांपूर्वी तिने मालकांच्या मागे लागून तिथला कान किटवणारा पंप काढायला लावला होता आणि त्याच्या जागी एक छोटा पंप आणि कंबरेइतकं उंच नळकांडं बसवलं होतं. नळकांड्यात सुटा दट्ट्या. वर नायट्रोजन कोंडलेला, खाली तेल. दोन टबांच्या मधल्या वेळात छोटा पंप तेल आत ढकलत राहतो, दट्ट्या वर सरकतो, वायू दबतो. झडप उघडली की वायू ते तेल एका दमात प्रेसकडे लोटतो. थेंबे थेंबे तळे साचे, असं तिने मालकांना समजावलं होतं. त्यांनी विचारलं होतं, आणि तळं फुटलं तर?

आता मालक तो उथळ टब हातात घेऊन उभे होते. रागावले असते तर बरं, पण ते शांत होते. जेवणाच्या सुट्टीपर्यंत टब नीट निघाला नाही, तर जुना पंप परत बसेल आणि धाकटी पूर्वीसारखी भांडारात नटबोल्ट निवडायला जाईल, एवढं सांगून ते गेले.

तेलाचा दाब दीडशे होता, पाहिजे तेवढाच. म्हणजे दुखणं वायूचं. पण नळकांड्याला बांधलेल्या चिठ्ठीवर थोरलीच्या ठसठशीत अक्षरात 'भरलेला' असं लिहिलं होतं. काल धाकटीला दुसऱ्या शेडमध्ये जावं लागलं, म्हणून तिने थोरलीला वर दाबमापक लावून वायू नव्वद आहे का, ते बघायला सांगितलं होतं.

"किती होता, ताई?"

"तू नव्वद म्हणालीस, मला चांगला दीडशे मिळाला. आपल्या घरात कुणी हात आखडता घेत नाही."

धाकटीने पाना खाली ठेवला. "आधी तेल सोडलं होतं?"

"तेलाचं कुठे बोललीस? वायू बघ म्हणालीस."

खरं होतं, धाकटी बोललीच नव्हती. तिच्या लेखी ते सांगण्यासारखं नव्हतंच. दट्ट्या सुटा, त्यामुळे दोन्ही बाजूंचा दाब सारखाच. तेल आत असताना वरचा काटाही तेलाचाच आकडा दाखवतो. वायू खरा किती, ते तेल टाकीत परत सोडल्याशिवाय कळत नाही.

दोघींनी पंप बंद करून तेल सोडलं. काटा घसरत चाळीसवर थांबला. वरच्या झडपेला साबणाचं पाणी लावताच बारीक बुडबुडे आले. उरलेला वायू सोडून धाकटीने झडपेतली झिजलेली रबरी कडी बदलली आणि नायट्रोजनची टाकी जोडली. सुट्टीला वीस मिनिटं होती. थोरली म्हणाली, जरा मोकळ्या हाताने सोड की. धाकटीने चावी केसभरच फिरवली. घाईने भरलेला वायू तापतो आणि काटा फुगवून सांगतो. नव्वदवर आल्यावरही ती नळकांड्यावर तळवा ठेवून थांबली. गार झाल्यावर काटा चौऱ्याऐंशीवर उतरला. तिने कमी पडलेला वायू आणखी घातला. थोरली एकदा घड्याळाकडे, एकदा काट्याकडे बघत होती.

पंप चालू झाला, तेल भरलं. मालक आले. थोरलीने खटका दाबला. धप्प. टब गुडघाभर खोल, काठ गोल. लगेच दुसरा, मग तिसरा, तसेच.

"काल हा भरलेला आहे असं कोण म्हणालं?" मालकांनी चिठ्ठी बघत विचारलं.

"मी साहेब. मी पोटभर जेवलेल्याचं वजन केलं," थोरली म्हणाली. "आणि हिने मला अर्धंच सांगितलं. भांडारात पाठवायचं तर दोघींना पाठवा, पण मग प्रेस तुम्ही चालवा."

मालकांनी प्रेसकडे पाहिलं, मग स्वतःच्या पांढऱ्या शर्टाकडे. जुना पंप भंगारात द्यायला हरकत नाही, असं म्हणून ते जेवायला गेले.

थोरलीने जुनी चिठ्ठी फाडली आणि नवीवर लिहिलं: 'तेल सोडून मोजला. नव्वद.' खाली सहीची जागा धाकटीसाठी मोकळी ठेवून तिने पेन पुढे केलं.